एक लिटरचं थिएटर

ऑफिसांसाठी बनणाऱ्या सगळ्यात छोट्या संगणकांना या धंद्यात 'वन लिटर पीसी' म्हणतात. लेनोवोचा थिंकसेंटर एम७१०क्यू हा त्यातलाच एक. १७९ मिलिमीटर लांब, १८३ रुंद आणि ३४.५ जाड, गुणाकार करून पाहिला तर एक लिटर आणि वर घोटभर. मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने टांगून घ्यावा, दिवसभर एक्सेल उघडावं आणि कुणाच्या नजरेत येऊ नये, एवढ्यासाठीच तो जन्माला आला. त्याच्याकडे कुणी कौतुकाने पाहिल्याचं ऐकिवात नाही. मला मात्र टीव्हीखाली ठेवून सिनेमे पाहायचा संगणक म्हणून त्याच्या किमतीत याच्याइतकी नेटकी रचना दुसरी दिसलेली नाही. ती सिनेमासाठी केलेलीच नव्हती, ही यातली खरी गंमत.

होम थिएटरचा संगणक जुळवणाऱ्याच्या मागण्या तीन: लहान हवा, मुका हवा, स्वस्त हवा. यातल्या कुठल्याही दोन लगेच पुऱ्या होतात. स्वस्त आणि मुका हवा तर मोठं कॅबिनेट घ्यावं आणि आत तळहाताएवढा फॅन संथ फिरत ठेवावा. पण ते धूड टीव्हीच्या कपाटात मावत नाही. लहान आणि मुका हवा तर फॅनच नसलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या मिळतात, ज्यांचं अंगच उष्णता बाहेर सोडतं. पण चांगल्या पेटीची किंमत आतल्या सामानाशी स्पर्धा करते. लहान आणि स्वस्त हे सगळ्यात सोपं. फक्त मग तो संगणक शीळ घालतो.

शीळ घालतो हे मी शब्दशः म्हणतो आहे. चाळीस मिलिमीटरच्या फॅनला पुरेशी हवा ढकलायची तर मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घ्यावे लागतात. सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर. पाती सात असतील तर सेकंदाला सातशे वेळा पातं हवेला कापतं आणि तेवढ्या कंपनसंख्येचा एक स्वर तयार होतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा तार पंचम जवळजवळ याच जागी येतो. म्हणजे पडद्यावर कुणी गात असो वा नसो, कपाटातून अखंड तार पंचम चालू. याउलट १२० मिलिमीटरचा सात पात्यांचा फॅन मिनिटाला ७२० फेऱ्यांनी फिरला, तर त्याचा स्वर ८४ हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि इतक्या खाली आपला कान बराच मंद असतो. वेग निम्मा केला की फॅनचा आवाज ढोबळमानाने पंधरा डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज अर्धा झाल्यासारखा वाटतो. तेव्हा फॅनच्या बाबतीत खरा प्रश्न वेगाचा. आकार मोठा हवा तो केवळ वेग कमी ठेवता यावा म्हणून.

आमच्याकडे डोक्यावर छताचा फॅन घरघरत असतो, खाली रिक्षा चालू असतात, तिथे हे चोचले कशाला, असं कुणीही विचारेल. रास्त आहे. पण छताच्या फॅनच्या आवाजाला एक असा सूर नसतो. तो पसरट असतो, आणि पसरट आवाज कान पाच मिनिटांत सोडून देतो. एकाच सुराची बारीक शीळ तो सोडत नाही. शिवाय डिसेंबरात छताचा फॅन बंद असतो आणि सिनेमे पाहायची खरी हौस त्याच दिवसांत येते.

या शांततेच्या मागे लागलेल्या मंडळींचा इतिहास मजेदार आहे. २००२ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची मीडिया सेंटर आवृत्ती काढली आणि संगणक दिवाणखान्यात नेण्याचा बेत जाहीर केला. त्याच वर्षी काही हौशी प्रोग्रॅमरांनी मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स या खेळयंत्राचं कुलूप तोडून त्यावर सिनेमे चालवणारा प्लेअर लिहिला. पुढे मायक्रोसॉफ्टने आपलं मीडिया सेंटर २०१५मध्ये विंडोज १० आणताना मोडीत काढलं. हौशी मंडळींचं लेकरू मात्र २०१४पासून 'कोडी' हे नाव घेऊन जगभर फुकट चालतं आहे. गेमच्या कंट्रोलरवर चालवण्यासाठी लिहिलेलं असल्यामुळे त्याला माऊस लागत नाही. चार बाण आणि मधलं एक बटण, एवढ्यावर सगळा कारभार. सोफ्यावरून वाचता येतील इतकी मोठी अक्षरं हाही त्याच जन्माचा वारसा.

त्या काळातले हौशी लोक हार्ड डिस्कचा घुमारा कॅबिनेटच्या पत्र्यात उतरू नये म्हणून ती इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झोपाळ्यासारखी टांगत. ७२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते आणि पत्रा तिची साथ करतो, म्हणून हा उपाय. कुणी आतून फोम चिकटवत, कुणी फॅनला रबराचे खिळे लावत. कष्ट मोठे, फळ थोडं. कारण सगळी शक्ती आवाज दाबण्यावर खर्च होत होती आणि आवाजाचं कारण, म्हणजे उष्णता, तशीच राहत होती.

पारडं फिरवलं ते चिपांनी. दाबून साठवलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण नसतंच. मागच्या चित्रापेक्षा काय बदललं त्याचा हिशोब असतो. तो हिशोब उलगडणं हे अवाढव्य पण ठरीव काम. सर्वसाधारण प्रोसेसरला ते दिलं की तो घाम गाळतो. त्याच एका कामासाठी चिपच्या कोपऱ्यात वेगळं सर्किट कोरलं तर तेच काम नखभर विजेत होतं. २००९ साली एसरचा ॲस्पायर रेवो आला, तो याच युक्तीवर: प्रोसेसर इंटेलचा ॲटम २३०, स्वतःच्या बळावर ब्लू-रेच्या दर्जाचं चित्र त्याच्याने हललं नसतं, जोडीला एनव्हिडियाचा आयन, आणि त्यातल्या खास सर्किटामुळे १०८० रेषांचा सिनेमा पाण्यासारखा चालायचा. लहान, शांत आणि स्वस्त हे तिन्ही शब्द एका पेटीला पहिल्यांदा मनापासून लावता आले ते बहुधा तेव्हा. शांतता फॅन बदलून आली नव्हती. कामच कमी झालं म्हणून आली होती. एम७१०क्यूचा सगळा गुण याच एका वाक्यात आहे, आणि म्हणून त्याच्या प्रोसेसरवर जरा रेंगाळायला हवं.

मी म्हणतो त्या पेटीत आय-५ ७५००टी असतो. शेवटचा 'टी' म्हणजे ३५ वॅटची मर्यादा पाळणारा, छोट्या पेट्यांसाठीचा. पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, इंटेलच्या भाषेत केबी लेक. डेस्कटॉपवर ती जानेवारी २०१७मध्ये आली तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली होती, कारण हिशोब करणारे कोअर जवळजवळ सहाव्या पिढीचेच होते, थोडे वेगात पळवलेले. पण चित्र उलगडणारं सर्किट नवं होतं. २०१३ साली ठरलेल्या एचईव्हीसी या दाबण्याच्या पद्धतीतलं दहा-बिटचं चित्र ते पूर्णपणे स्वतः उलगडतं. सहाव्या पिढीचं आठ-बिटपाशी थांबतं आणि पुढचं ओझं इतरांवर टाकतं. आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, दहा बिटांत १०२४. फोर-केचे सिनेमे बहुतेक या दुसऱ्या प्रकारात येतात. परिणाम असा की तीच फाईल सहाव्या पिढीवर लावली तर चारही कोअर धापा टाकतात आणि फॅन जागा होतो. सातव्या पिढीवर लावली तर कोअरना पत्ताही नसतो. एक्सेल चालवणाऱ्याला हा फरक आयुष्यात जाणवला नसता. टीव्हीखाली सगळा फरक तोच.

आता झाकण उघडू. मागे एकच स्क्रू. तो काढला की वरचा पत्रा पुढे सरकवून उचलायचा. आत पाहिल्यावर पहिली चलाखी दिसते ती जे नाही त्याची: वीजपुरवठ्याचा डबा आत नाहीच. लॅपटॉपसारखा ॲडॉप्टर बाहेर, वायरच्या मधोमध. म्हणजे विजेचं रूपांतर होताना निघणारी उष्णता पेटीत शिरतच नाही. एक लिटरच्या हिशोबात ॲडॉप्टर धरलेला नाही, ही थोडी लबाडीच. पण टीव्हीच्या मागे पडून राहणाऱ्या वस्तूबद्दल कोण भांडणार! प्रोसेसरवर हीट सिंक, त्याच्यावर फॅन, आणि हवेला एकच वाट: पुढच्या जाळीतून आत, मागून बाहेर. कुठेही केबलींचा गुंता नाही. ही शिस्त कंपनीने आपल्या हौसेसाठी पाळलेली नाही. ऑफिसातल्या टेक्निशियनला टेबलाशी वाकून पाच मिनिटांत डिस्क बदलता यावी म्हणून पाळली आहे. कष्टकरी वस्तूंचं देखणेपण बहुतेकदा असंच आडवाटेने येतं.

जुन्या पेटीत दोन गोष्टी करायच्या. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यातली थर्मल पेस्ट वर्षानुवर्षांत वाळून पापुद्र्यासारखी झालेली असते. ती स्पिरिटने पुसून नवी लावायची. आणि बायोसमध्ये जाऊन 'इंटेलिजंट कूलिंग इंजिन' या नावाखाली 'बेटर अकूस्टिक परफॉर्मन्स' हा पर्याय निवडायचा. ऑफिसच्या यंत्रात हा पर्याय कुणासाठी ठेवला असेल देव जाणे, पण तो आहे आणि कामाचा आहे. डिस्क अर्थातच एसएसडी. सिनेमांचा साठा मोठ्या, फिरणाऱ्या डिस्कवर असेल तर तिला आतल्या खोलीत राउटरशेजारी हाकलायचं आणि नेटवर्कच्या वायरने सिनेमा मागवायचा. इलॅस्टिकचे झोपाळे गेले ते असे.

झालेल्या कामाची परीक्षा कशावर घ्यावी? स्फोट आणि गाड्यांचे पाठलाग निरुपयोगी. त्या गदारोळात मिक्सर चालू असला तरी कळणार नाही. मी चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४चा 'कोर्ट' लावतो. त्यात न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं बाहेर पडतात, दिवे मालवले जातात. कॅमेरा जागचा हलत नाही. रिकामी खोली अंधारत जाते आणि दिग्दर्शक तिथे आपल्याला हवं त्यापेक्षा जास्त वेळ बसवून ठेवतो. तो काळोख आणि ती निःशब्दता हाच तिथला संवाद. त्यात कपाटातून हलकी घरघर मिसळली तर दृश्याचा अर्थच बिघडतो. कोर्टात कुणीतरी पंखा चालू ठेवून गेलं असं वाटतं. एम७१०क्यू या दृश्यात सोफ्यावरून ऐकू येत नाही. कान पेटीला लावला तर येतो, पण सिनेमा असा कुणी पाहत नाही.

आवाज झाला, आकार झाला. पण मला विचाराल तर होम थिएटरच्या संगणकाची खरी ओळख वेळेच्या हिशोबात पटते, आणि तिकडे लोक सगळ्यात कमी पाहतात. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आपला टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो. ६० भागिले २४ म्हणजे अडीच. अर्ध्या वेळा काही रंगवता येत नाही, म्हणून एक चित्र तीन वेळा आणि पुढचं दोन वेळा दाखवलं जातं. एक चित्र ५० मिलिसेकंद टिकतं, दुसरं ३३. खरं तर प्रत्येकाने ४२च्या आसपास टिकायला हवं. माणसं बोलत असतात तोवर हे कळत नाही. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे वळला, की क्षितिज अडखळत चालतं. सगळ्यात उघडं पडतं ते शेवटच्या श्रेयनामावलीत: नावं वर चढतात ती पायरी चुकल्यासारखी, ठेचकाळत.

आपल्या आधीच्या पिढीने या प्रश्नाचं वेगळं उत्तर पाहिलं आहे, नकळत. भारतातलं टीव्ही प्रक्षेपण पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रांचं. तिथे २४चा सिनेमा सरळ २५च्या वेगाने पळवत. सव्वादोन तासांचा सिनेमा पाच-सहा मिनिटं आधी संपायचा. चित्र मुळीच अडखळायचं नाही, पण वेग वाढला की सूरही चढतो: काळी पाचमधली गायिका पांढरी सातच्या उंबरठ्यावर जाऊन उभी राहायची. दूरदर्शनवर सिनेमातली गाणी ऐकून मग रेकॉर्ड लावणाऱ्या एखाद्या तयार कानाला काहीतरी खटकलं असेल, तर कान चुकीचा नव्हता.

आजचं उत्तर सोपं आहे आणि त्याला पैसा लागत नाही. बहुतेक टीव्ही २४च्या वेगाने पडदा रंगवू शकतात. संगणकाने तसं सांगायला हवं. कोडीच्या सेटिंगमध्ये, व्हिडिओ प्लेअरच्या पानावर, पडद्याचा वेग सिनेमाप्रमाणे बदलण्याचा पर्याय असतो. तो मुळात बंद असतो. तो चालू करणं हा या सगळ्या उद्योगातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात स्वस्त बदल. मात्र पाठीमागचं यंत्र प्रामाणिक हवं. कारण ब्लू-रेवरचा सिनेमा बहुधा २४ने नसतोच, २३.९७६ने असतो, १९५३मध्ये अमेरिकेने रंगीत टीव्ही आणताना चित्रांचा वेग हजारात एक भागाने कमी केला, त्याचं हे उरलेलं ऋण. इंटेलच्या २०११च्या सँडी ब्रिज चिपा २३.९७६ मागितलं तर २४ द्यायच्या. फरक केवढासा! पण दर चाळीसेक सेकंदांनी हिशोब एका चित्राने चुकायचा आणि चित्राला उचकी लागायची. हौशी लोकांनी त्यावर रान उठवलं. २०१३च्या चौथ्या पिढीत इंटेलने घड्याळ नीट केलं. सातव्या पिढीत ही तक्रार नाही. श्रेयनामावली तेल लावल्यासारखी चढत जाते. टीव्हीतलं चित्र 'मऊ' करण्याचा पर्याय मात्र बंद करा. तो मधली चित्रं स्वतः रचून घालतो आणि सिनेमाची मालिका करून टाकतो.

दोष आता एका दमात सांगतो. टीव्हीच्या रिमोटने हा पीसी चालत नाही. एचडीएमआयच्या वायरीतून रिमोटचे निरोप पोचवायची सोय पीसीत सहसा नसते, त्यासाठी यूएसबीचा वेगळा ठोकळा घ्यावा लागतो. या बाबतीत रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक फार पुढे आहे, तिथे ती सोय मुळातच येते. पण २०२३च्या पाय ५मधून एच.२६४ पद्धतीचं चित्र उलगडणारं सर्किट काढून टाकलं, ते मला पटलेलं नाही. एम७१०क्यूला एव्ही१ ही २०१८ची पद्धत सर्किटाने उलगडता येत नाही. फोर-के ६० वेगाने हवं असेल तर डिस्प्लेपोर्टवरून ॲक्टिव्ह ॲडॉप्टर लावावा लागतो. एचडीआरच्या वाटेला या पेटीने जाऊ नये. आणि ओटीटी हे याचं काम नव्हे: कोडीसाठी लिनक्स घातलं, की चोरीविरोधी कुलपामुळे बऱ्याच सेवा चित्राचा दर्जा उतरवूनच देतात. त्यासाठी टीव्हीला खोचायची स्वस्त काडी जास्त चांगली. ज्यांच्या घरी डिस्का नाहीत, स्वतःचा साठा नाही, जुन्या टेप उतरवून ठेवलेल्या नाहीत, त्यांनी या भानगडीत पडूच नये.

मग नवा एन१०० का नको? जानेवारी २०२३ची ही इंटेलची चिप सहा वॅटची आहे, एव्ही१सुद्धा उलगडते, आणि निव्वळ चिप म्हणून ती सरस आहे, यात वाद नाही. नवी वस्तू आणि वॉरंटी हवी असेल त्यांनी तीच घ्यावी. माझा कल जुन्याकडे आहे त्याचं कारण घडणीत आहे. एम७१०क्यूचा पत्रा, जाळी, फॅनचं नियंत्रण हे सगळं रोज आठ तास चालणाऱ्या कामासाठी केलेलं आहे. दुरुस्तीची पुस्तिका कंपनीने छापली आहे, सुटे भाग मिळतात. आणि किंमत! विंडोज ११ला आठवी पिढी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला आणि सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांच्या दृष्टीने एका दिवसात भंगार झाली. कोडी ज्यावर चालतं त्या लिब्रेलेकसारख्या चिमुकल्या लिनक्सला या तारखेशी काही देणंघेणं नाही. चार जीबी मेमरी आणि लहानशी एसएसडी त्याला भरपूर होते.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घ्यायला गेलात तर एवढं करा: दुकानातच चालू करून प्रोसेसरचं नाव वाचा. ही पेटी सहाव्या पिढीच्या प्रोसेसरसहही विकली गेली आहे आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतात. आय-५च्या पुढचा आकडा सातने सुरू होत नसेल, तर पेटी टेबलावर ठेवून सरळ बाहेर पडा.